रडतोय म्हणजे दुखत असेल की!

गेल्या अंकात मी सहज विचारलं होतं, ऑटिझम असलेल्या लेकराला घेऊन दवाखान्यात जाता तेव्हा नेमकं काय होतं, थेरपीचं नको सांगायला, साधा ताप, दात, पोटदुखी यासाठी जाता तेव्हाचं सांगा. वाटलं पाच-सहा पत्रं येतील. आली ती पिशवीभर, आणि व्हॉट्सअपवरचे व्हॉइस मेसेज वेगळेच, एक तर अकरा मिनिटांचा, मागे मिक्सर चालू. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाच निवडलीत. नेहमीचं आधी सांगून टाकते, मी डॉक्टर नाहीये. १७ वर्षांच्या मुलाची आई आहे, कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या बऱ्याच वेटिंग हॉलमधल्या खुर्च्या मला पाठ आहेत, तेवढीच माझी डिग्री.

ताई, माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. हाक मारली तर बघत नाही पण बिस्किटाचा पुडा आतल्या खोलीत फोडला तरी पळत येतो. बोट करून काही दाखवत नाही, माझं मनगट धरतो आणि फ्रिजपर्यंत ओढत नेतो. डॉक्टर म्हणाले मुलगे उशिरा बोलतात, साडेतीनपर्यंत थांबा. सासूबाई म्हणतात ह्याचे पप्पा पण चार वर्षांनी बोलले. समोरच्या काकू म्हणतात मोबाईलमुळे झालंय. मी थांबू का?
– सिडकोतून एक आई

नको गं बाई, थांबू नकोस. तू मनगट धरून ओढतो ते लिहिलंस ना, ते लिहायला डोळस आईच लागते. न बोलणं एक वेळ उशिरा म्हणून सोडता येईल पण बोट न दाखवणं आणि हाकेला न वळणं हे दोन्ही सोबत असलं की तपासून घ्यायचं, बस. याचा अर्थ ऑटिझमच आहे असंही नाही.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाळणी आहे, हो-नाहीमध्ये उत्तरं द्यायची, दहा-पंधरा मिनिटांत होते. तुझं लेकरू त्या वयाच्या काठावर आहे म्हणून म्हणते याच महिन्यात जा. चाळणी म्हणजे चाळणीच, त्यात अडकलं म्हणजे शिक्का बसला असं नाही, पुढची नीट तपासणी करायची एवढंच. आपल्या सिव्हिलला जाऊन केसपेपर काढ आणि 'डीईआयसी कुठंय' असंच विचार, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं, सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं केंद्र असतं ते, २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला होता तो कार्यक्रम, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि पैसे लागत नाहीत. खाजगीत जायचं असेल तर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांचा विकास बघणारे बालरोगतज्ज्ञ, शोध. नंबर उशिराचा मिळेल पण तोवर स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, सुरू करायला कुठल्या कागदाची गरज नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझे आठ महिने असेच गेले, रिपोर्ट येऊ दे मग बघू करत.

आणि ऐकण्याची टेस्ट करच. पुड्याचा आवाज ऐकू येतो म्हणून ती टाळतात लोक, पण काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत असंही असतं. एवढ्या लहान आणि सहकार्य न करणाऱ्या मुलांची बेरा टेस्ट करतात, त्यात डोक्याला वायरी चिकटवतात आणि पोर झोपलेलं लागतं. आम्हाला सांगितलं होतं आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा. आम्ही जागवलं. रात्री दीड वाजता ह्यांनी त्याला अॅक्टिव्हावर पुढे उभं करून गंगापूर रोडच्या तीन चकरा मारल्या, सकाळी पाचला उठवलं, आणि महाराज झोपले कुठे तर रिक्षात, शरणपूर रोडच्या सिग्नलला, क्लिनिक पाच मिनिटांवर असताना! वेटिंगमध्ये ट्यूबलाइट लागली की टक्क जागे. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी आधी फोन करून सांगितलं की पोहोचल्यावर आम्हाला थेट अंधाऱ्या खोलीत घ्या, फॉर्म नंतर भरते. घेतलं की त्यांनी. विचारलं तर घेतात, आपणच विचारत नाही.

मोबाईलचं म्हणशील तर त्याने ऑटिझम होत नाही, समोरच्या काकूंना सांग. पण बंद कर मात्र, कारण ज्या वेळात तो स्क्रीनकडे बघतो तो वेळ तुझ्याशी काही देवघेव होण्याचा असतो.

ताई, नमस्कार. मुलगा ९ वर्षांचा, बोलत नाही. दोन आठवडे झाले रात्री उठतो अन कपाळ भिंतीवर आपटतो, दिवसा सोफ्याच्या हातावर पोट टाकून पालथा पडून राहतो, उचललं की चावतो. आधी असं नव्हतं. नाशिकला नेलं तर डॉक्टरांनी अंगाला हात न लावता सांगितलं, ऑटिझममध्ये असं होतंच, अन शांत राहायची गोळी लिहून दिली. गोळीने झोपतो, उठला की परत तेच. खाण्यात बिस्किटं, दूध अन पांढरा भात सोडून काही घेत नाही. इकडे बागेची छाटणी चालू आहे, मिसेसला एकटीला आवरत नाही. गोळी वाढवून घ्यावी का?
– निफाड तालुक्यातून एक बाबा

दादा, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सोफ्याचं आहे. ते डॉक्टरांना सांगितलं होतंत का? बहुतेक नाही, कारण आपण आपटणं आणि चावणं सांगतो, तेच भयंकर वाटतं ना. पण ज्याला बोलता येत नाही असं पोर कडक वस्तूवर पोट दाबून पडतंय म्हणजे ते पोटाबद्दलच काहीतरी सांगतंय असं धरून चालायचं, नाही निघालं तर उत्तमच.

आमच्याकडचं सांगते. लेक नऊ-दहाचा असताना अचानक उजव्या गालावर स्वतःच थापडा मारायला लागला. अकरा दिवस. गाल सुजला, आम्ही म्हटलं मारून घेऊन सुजलाय. एका मोठ्या डॉक्टरांनी 'बिहेवियर वाढलंय, वयात येण्याच्या आधी होतं असं' म्हणून गोळी दिली, त्यांनीही हात लावला नाही, आणि मी पण मान डोलवली हो, घरी येऊन गोळी भरवली सुद्धा. माझ्या आईच्या लक्षात आलं. ती म्हणाली हा भाकरीचा पापुद्रा खातोय पण खालचा जाड भाग डावीकडेच चघळतोय बघ, आणि चिक्की तर तोंडातून काढून ठेवली. दाताच्या डॉक्टरांकडे नेलं तर मागच्या दाढेत पू झालेला. झोपेचं औषध देऊन दाढ काढली. तिसऱ्या दिवशी थापडा बंद. त्या अकरा दिवसांचं मला अजून वाईट वाटतं, डॉक्टरांचा राग नंतर येतो, आधी स्वतःचा येतो.

म्हणून तुम्हाला सांगते, अचानक सुरू झालेलं वागणं आणि आधीपासूनचं वागणं हे वेगळं धरायचं. 'आधी असं नव्हतं' हे तुमचे तीन शब्द म्हणजेच मोठी खूण आहे, पेपरवर तारीख घालून लिहा. बिस्किट, दूध, भातावर असलेल्या मुलाला बद्धकोष्ठ असण्याची शक्यता भरपूर, आणि गंमत म्हणजे कधी कधी खडा अडकलेला असतो आणि बाजूने पातळ झिरपतं, मग आईबाप म्हणतात ह्याला तर जुलाब होतायत आणि उलटंच औषध देतात. शेवटची नीट संडास कधी झाली होती ते मिसेसना विचारा, त्यांना माहीत असेल. पोटात वर येणारी अॅसिडिटी रात्री आडवं झाल्यावर वाढते, तेही बघायला सांगा. कान, दात, घसा, कुठे मुका मार लागलाय का, हेही.

रात्रीच्या आपटण्याचा मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, दोन-तीन वेळा, किती वाजता ते बोलून ठेवा. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं आणि फिट म्हणजे दरवेळी तोंडाला फेस असं नसतं, त्यामुळे व्हिडिओ बघून डॉक्टरांना वाटलं तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, सांगतील. आपण तोंडी कितीही वर्णन केलं तरी त्या अर्ध्या मिनिटाची सर येत नाही.

आता गोळीचं. मी वाढवा पण म्हणणार नाही आणि मनाने बंद करा पण म्हणणार नाही, एकदम बंद करून बसू नका, काही गोळ्या हळूहळूच कमी कराव्या लागतात. रिस्पेरिडोनसारखी औषधं फार चिडचिड आणि मारामारीसाठी देतात, काही मुलांना त्याचा उपयोग होतो, भूक आणि वजन वाढतं त्याने. पण पोट दुखत असलेल्या पोराला ती दिली तर दुखणं तसंच राहतं, फक्त ओरडायची ताकद कमी होते. कुठली गोळी आहे, कशासाठी आहे, किती दिवसांनी बघायचं हे तीन प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

साध्या बालरोगतज्ज्ञांकडे जा, तुमच्या पिंपळगावातले असले तरी चालतील, आणि आत गेल्यावर एकच वाक्य म्हणा: डॉक्टर, ह्याला ऑटिझम नसता आणि हेच चाललं असतं तर तुम्ही काय काय तपासलं असतं? मी हे वाक्य आजपर्यंत चारदा वापरलंय. चारही वेळा डॉक्टर खुर्चीतून उठले.

छाटणी एक दिवस थांबेल का ते बघा. हे एकटीने उरकण्यासारखं काम नाही, एकाने पोराला धरायचं आणि दुसऱ्याने बोलायचं असतं.

मी आजी लिहिते आहे. नातू पाच वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना सूनबाई टोचून घेऊन आली आणि त्यानंतर तो असा झाला हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तिला तेव्हा मी बोलले देखील. आता एका ठिकाणी स्टेम सेलचे पॅकेज सांगितले आहे, काही लाख लागतील पण गॅरंटी देतात. मी एफडी मोडायला तयार आहे, मुलगा सून नको म्हणतात. तू त्यांना समजाव.
– देवळाली कॅम्पहून एक आजी

काकू, एफडी राहू द्या. समजावायचं असेल तर मी तुम्हालाच समजावते, रागावू नका.

'गॅरंटी' हा शब्द ऐकला की पिशवी उचलायची आणि बाहेर पडायचं. आयसीएमआर म्हणजे आपल्या देशाची वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमांत रक्ताच्या काही आजारांसारखी मोजकी कारणं सोडली तर स्टेम सेल हा उपचार म्हणून द्यायचाच नाही असं आहे, फक्त मंजुरी घेतलेल्या ट्रायलमध्ये द्यायचा. आणि ट्रायल असेल तर पेशंटकडून पैसे घेत नाहीत, ते तुम्हाला पॅकेज सांगतायत, मग काय ते तुम्हीच ओळखा. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडूनही ऑटिझमसाठी याची शिफारस नाही असंच आलं. पाठीच्या कण्यातून सुई, भूल, हे सगळं पाच वर्षांच्या लेकराला कशासाठी?

लसीचं. तुम्ही पाहिलं ते खोटं नाहीये, तुम्ही जोडलं ते चुकलं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो आणि बोलणं अडकलंय, नजर देत नाही हे घरच्यांच्या लक्षात येतं तेही नेमकं त्याच दिवसांत. १९९८ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरांनी फक्त १२ मुलांवरून हा संबंध लावला होता, तो लेख छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरांचं नावही डॉक्टरांच्या यादीतून काढलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासून २०१९ मध्ये सांगितलं, टोचलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नाही. बारा कुठे आणि साडेसहा लाख कुठे.

एफडीचं व्याज ओटीच्या फीला द्या, दर महिन्याला. आणि सुनेला बोललात ना, ते एकदा तिच्यासमोर मागे घ्या, जमलं तर चहा स्वतः करून. माझ्या सासूबाईंनी ते सहा वर्षांनी केलं होतं, तुम्ही लवकर करा.

कंपनीत शिफ्ट असते, सुट्टी मिळत नाही. दिव्यांगांच्या युडीआयडी ओळखपत्राचा खरंच उपयोग होतो का की नुसत्या चकरा?
– सातपूरहून एक बाबा

होतो, आणि चकरा पण होतात, दोन्ही खरं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, मग तपासणीसाठी सिव्हिलला बोलावतात. बहुतेक योजनांना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. तिथे आयसा नावाची मोजणी असते, ४० प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, ७० पासून पुढे ऑटिझम धरतात.

फक्त एक सांगते. एरवी आपण जन्मभर लोकांना सांगत असतो, आमचा पण कविता म्हणतो, आमचा पण हुशार आहे. त्या दिवशी ते सांगायचं नाही. रात्री दोनला उठतो, चड्डीत करतो, रस्त्यावर हात सोडून पळतो, जे आहे ते सांगायचं. ह्यांना ते जमलं नाही, बाहेर आल्यावर मला म्हणाले 'मुलाची बदनामी केल्यासारखं वाटलं'. वाटतंच. पण कागद मिळाला की नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत नाव घालता येतं, वर्षाला एक लाखापर्यंतचं कव्हर, आधी मेडिकल चेकअप नाही, ओपीडी आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. पैसे आधी आपण भरायचे, मग परत मिळतात, म्हणून थेरपीवाल्यांकडून तारखेचं आणि सही-शिक्क्याचं बिल मागा, वहीत लिहून दिलेला आकडा चालत नाही. एक दिवसाची रजा टाकाच.

मॅडम मी पालक नाही, गंगापूर रोडच्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. अशी मुलं आली की खूप ओरडतात, बाकीचे पेशंट माझ्याकडे बघतात, आई रडकुंडीला येते. सर आत असतात, मला काही सांगितलेलं नाही. मी काय करू शकते?
– एक वाचक

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं गं.

अपॉइंटमेंट घेतानाच विचार, 'काही सांगायचंय का मुलाबद्दल?' आपणहून सांगायला आईला लाज वाटते, विचारलं की सांगते. सकाळचा पहिला नंबर दे. ते जमत नसेल तर म्हण, खाली गाडीत नाहीतर रिक्षात बसा, दोन नंबर आधी मी मिस कॉल देते. या एकाच गोष्टीने अर्धं ओरडणं कमी होईल, कारण पाऊण तासाच्या वेटिंगमध्ये टीव्ही, मोबाईल, डेटॉलचा वास, रडणारी दुसरी बाळं हे सगळं त्याच्या अंगावर येत असतं आणि आत जाईपर्यंत तो संपलेला असतो, मग सर म्हणतात हा तपासूच देत नाही.

आया हल्ली एक कागद बनवतात, मी पण केलाय, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवते. वर नाव, वजन, चालू औषधं, कुठल्या औषधाची अॅलर्जी, आणि खाली खरं महत्त्वाचं: दुखलं की हा रडत नाही, गाणं गुणगुणतो. डोक्याला मागून हात लावलेला चालत नाही. 'झालं' म्हटलं की थांबायचंच, नाहीतर पुढच्या वेळी विश्वास ठेवणार नाही. असा कागद कुणी दिला तर तो फाइलला वरच पिन कर, आत गडप होऊ देऊ नकोस. आणि रक्त घ्यायचं असेल तर चौघांनी दाबून धरायच्या आधी सरांना आठवण कर की सुन्न करणारं क्रीम मिळतं, तासभर आधी लावावं लागतं, घरूनच लावून बोलावता येईल का. एकदा दाबून धरलेलं पोर पुढची पाच वर्षं त्या जिन्यावर पाय ठेवत नाही, आमचं नव्हतं ठेवत.

बाकी पेशंट बघतात त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. फार तर मोठ्याने म्हण, 'दोन मिनिटं हं, याला आधी पाठवते', आणि पाठव. फार कुणी भांडत नाही, उलट एखादा आजोबा उठून जागा देतात.

इंदिरानगरला आम्ही एका दवाखान्यात जायचो तिथे तुझ्यासारखीच एक मुलगी होती. लेक दारातच आडवा पडायचा, आत यायचाच नाही, आम्हाला वाटायचं सुईला घाबरतो. तिसऱ्या वेळी ती काउंटरमागून आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, वर बघितलं, बराच वेळ बघत राहिली. छताचा पंखा कर्रकर्र करत डुगडुगत होता. तिने उठून बटण बंद केलं. मे महिना होता, हॉलमध्ये सात-आठ माणसं, सगळी तिच्याकडे बघायला लागली. लेक उठला, चप्पल काढून कोपऱ्यात नीट ठेवली, आणि आत जाऊन वजनकाट्यावर उभा राहिला.